संगणक खोलीतील दुसरे शील

आपल्या वसतिगृहाचा दिवस पहाटे विहारातील त्रिसरण-पंचशीलाने सुरू होतो. झोपेतून नुकती उठलेली मुले भिंतीला टेकून पाचही शीले म्हणतात, आणि त्यांतील काही डोळे मिटूनच म्हणतात. मी इतिहासाचा शिक्षक. संगणक हा माझा विषय कधीच नव्हता. परंतु शाळेत संगणक आले तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्या हाती पडली, कारण इतिहासाच्या शिक्षकाला मोकळा वेळ पुष्कळ असतो असा एक समज शिक्षकांच्या खोलीत फार पूर्वीपासून रूढ आहे.

भोजनगृहाच्या वरच्या त्या खोलीत अकरा संगणक होते. एका कार्यालयाने नवे घेतले आणि जुने आपल्याला दिले. ते जोडून देणाऱ्या दुकानदाराने जाताना एक तबकडी माझ्या हाती ठेवली. तिच्यावर काळ्या शाईने प्रणालीचे नाव व एक लांबलचक क्रमांक लिहिलेला होता. "बिघडले की हीच पुन्हा टाका, सर. सगळीकडे हीच चालते," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. तालुक्यातील ज्या ज्या शाळेत मी गेलो, तेथे टेबलाच्या खणात अशीच एखादी तबकडी होती. ती अधिकृत नाही हे सर्वांना ठाऊक होते आणि त्याविषयी कोणी बोलत नव्हते. आम्हीही दोन वर्षे तिच्यावरच मुलांना शिकविले.

एका शनिवारी धम्मवर्गात मी दुसऱ्या शीलाचा अर्थ सांगत होतो. 'अदिन्नादाना' या शब्दाचे भाषांतर आपण सरळ 'चोरी' असे करून टाकतो. मूळ शब्द अधिक काटेकोर आहे. जे दिलेले नाही ते घेणे, असा त्याचा अर्थ. कुलूप फोडलेच पाहिजे असे नाही. देणाऱ्याने दिलेले नसताना उचलले की शील मोडले. हे मी बरेच रंगवून सांगितले. तास संपल्यावर नववीतील एक मुलगी थांबली. तिने विचारले, "सर, आपल्या खोलीतली ती सीडी कुणी दिलेली आहे?"

मी उत्तर दिले, आणि आज ते लिहिताना मला संकोच वाटतो. मी म्हणालो, "बाळ, ती कंपनी फार मोठी आहे. आपल्या एका नकलेने तिचे काय जाणार?" ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे श्रीमंत घरच्या मुलीचा साबण घेतला तर चालेल?" वसतिगृहात साबणावरून होणारी भांडणे मीच मिटवीत असे. त्या मुलीला काय सांगावे हे मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी अधिकृत प्रणालीचा दर विचारला. अकरा यंत्रांचा आकडा ऐकून सचिव साहेबांनी धान्याच्या खर्चाची वही माझ्यापुढे सरकविली. ते काही बोलले नाहीत. कुणा दात्याकडे मागावे, असे एका सदस्याने सुचविले. आपली इमारतच लोकांच्या धम्मदानातून उभी आहे, तेव्हा मागण्याची लाज मला नव्हती. परंतु पैसे मिळाले तरी आपण नेमके काय विकत घेणार, हे पाहावे म्हणून मी ते परवानापत्र मिळवून वाचले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुनी सनद वाचण्याची सवय असते, म्हणून ते शेवटपर्यंत वाचून झाले. वस्तू विकलेली नाही, केवळ वापरण्याची अनुज्ञा दिलेली आहे, हे त्यात आरंभीच स्पष्ट होते. आत काय आहे ते उघडून पाहायचे नाही, बदलायचे नाही, दुसऱ्या यंत्रावर न्यायचे नाही, शेजारच्या शाळेला द्यायचे नाही.

मला महार वतनाची आठवण झाली. १८७४ च्या वतन कायद्याखालची जमीन आमच्या आजोबा-पणजोबांना 'आपली' वाटे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा वतन सोडायला आपल्यातीलच कित्येक तयार नव्हते. तुलना मर्यादेतच घ्यावी. वतनाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे राबविली, आणि सॉफ्टवेअरचा परवाना कुणाला मध्यरात्री सांगावा घेऊन परगावी पाठवीत नाही. तरीही हातात असलेली आणि आपली नसलेली वस्तू कशी असते, हे ओळखायला मला वेळ लागला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आपला एक माजी विद्यार्थी भेटायला आला. तो तेव्हा पुण्यात अभियांत्रिकी शिकत होता. मी त्याला ही अडचण सांगितली. महिन्याभराने तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्याजवळ पुठ्ठ्याच्या पाकिटातील एक तबकडी होती. 'उबंटू' असे तिच्यावर छापलेले होते. त्या काळी मागणी नोंदविली की ही तबकडी परदेशातून टपालाने विनामूल्य घरी येत असे. मी स्वाभाविकपणे विचारले, "फुकट आहे का?" तो म्हणाला, "फुकट आहे, सर. पण तो तिचा मोठा गुण नाही. ती मुक्त आहे." इंग्रजीत या दोन्ही गोष्टींना एकच शब्द असल्याने तेथे फार घोटाळा होतो, असे त्याने सांगितले. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत. फुकट मिळालेल्याबद्दल माणसाने मान खाली घालावी अशी अपेक्षा असते. मुक्त वस्तूपाशी ती अपेक्षा नाही.

त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो. सॉफ्टवेअरची नक्कल हा वाद जुना आहे. १९७६ साली बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी वापरकर्त्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आपण श्रमाने तयार केलेली आज्ञावली लोक पैसे न देता वापरतात, मग चांगले काम कोण आणि कशाच्या बळावर करणार, असा त्यांचा सवाल होता. आमच्या चळवळीतील मित्र गेट्स यांचे नाव काढले की भांडवलशाहीवर घसरतात. मला मात्र ती तक्रार आणि आमच्या नववीतील मुलीची तक्रार एकच वाटली. श्रम ज्याचे, त्याला विचारल्याखेरीज उचलू नये.

दुसरी बाजू अमेरिकेतीलच रिचर्ड स्टॉलमन यांची. ते एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की संबंधितांना संगणकावर सूचना जावी, अशी सोय त्यांनी त्या यंत्राच्या आज्ञावलीत स्वतः केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले. कागद त्यातही अडके, पण आता आज्ञावलीचे मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ते मिळत नव्हते. ज्याच्यापाशी ते होते अशा एका प्राध्यापकाला स्टॉलमन यांनी जाऊन विचारले. त्याने नकार दिला, कारण कुणालाही न दाखविण्याच्या करारावर त्याने सही केली होती. बिघाड समोर दिसतो आहे, दुरुस्त करण्याची विद्या हाती आहे, आणि तरी हात लावता येत नाही, ही गोष्ट त्या माणसाच्या मनाला लागली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली, पुढच्या जानेवारीत नोकरी सोडून कामाला प्रारंभ केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले.

१९८९ चा त्यांचा परवाना मी पहिल्या परवान्याशेजारी ठेवून वाचला. कोणत्याही कामासाठी वापरा, आत काय चालते ते पाहा, आपल्या गरजेप्रमाणे बदला, नक्कल करून इतरांना द्या, बदललेलेही द्या. एकच मोठी अट. पुढे देताना घेणाऱ्यालाही हेच सारे हक्क द्यावे लागतील. ज्या दाराने तुम्ही आत आलात, ते मागच्या माणसाच्या तोंडावर लावायचे नाही. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्वल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला. ग्नू आणि लिनक्स यांच्या मेळातून जी प्रणाली झाली, तिचेच एक रूप पुठ्ठ्याच्या त्या पाकिटातून आपल्या शाळेत आले होते.

सनदशीर भाषेत लिहिलेला हा दस्तऐवज म्हणजे दानपत्रच आहे. जगातील सर्वांत जुना, छपाईची तारीख असलेला ग्रंथ बौद्ध आहे, हे आपल्या मुलांना मी दरवर्षी सांगतो. चीनमधील दुन्हुआंग येथे सापडलेली वज्रच्छेदिका सूत्राची ती प्रत इसवी सन ८६८ ची आहे. वांग जिए नावाच्या गृहस्थाने आई-वडिलांच्या वतीने सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी ती तयार करविली, अशी नोंद तिच्या शेवटी आहे. आणि महापरिनिर्वाणाच्या काही महिने आधी, वैशालीजवळच्या वेळुवग्रामात, भगवंतांनी आनंदाला सांगितले ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. शिकविण्यात त्यांनी आतले आणि बाहेरचे असा भेद केला नव्हता, काही राखून ठेवले नव्हते. गुरूने शेवटपर्यंत आवळून धरलेल्या अशा मुठीला पालीत 'आचरियमुट्ठि' म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांसमोर शतकानुशतके ती मूठ उघडली नाही, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. ही वस्तू दिलेली होती.

उत्तर मिळाले म्हणून काम सोपे झाले नाही. अकरांपैकी सात यंत्रांवर नवी प्रणाली चालली. उरलेली चार तिचा भार पेलू शकली नाहीत. त्यांच्यावर तिचेच 'झुबंटू' हे हलके रूप बसवावे लागले. छपाईयंत्र तीन आठवडे मुके होते. पहिल्या सहामाहीत पालकांनी विचारले, "बाहेर नोकरीला गेल्यावर ही शिकून काय करणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या मुलांची पहिली पिढी कार्यालयात पाऊल ठेवते आहे, तिथे तिला परके वाटू नये ही काळजी खरी आहे. मराठीत अनुवादलेल्या काही सूचना इतक्या बोजड होत्या की मुले निमूटपणे इंग्रजीकडे वळली. आपल्या कार्यालयातील एक संगणक आजही विंडोजवर चालतो, कारण हिशेबाची आज्ञावली दुसरीकडे चालत नाही. तिचा परवाना मात्र विकत घेतलेला आहे आणि त्याची पावती फाईलला लावलेली आहे.

आपण एकटेच वेडे नाही, हा धीर मला केरळकडून मिळाला. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने पुढे सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. मल्याळी तरुणांनी स्वयंसेवेने आपल्या भाषेचे टंक आणि साधने घडविली. साऱ्या राज्यातील मुले एकाच प्रणालीवर शिकू लागल्यावर "बाहेर काय चालते" या प्रश्नाचे वजन आपोआप कमी होते. एका शाळेने ते ओझे एकटीने उचलणे आणि राज्याने उचलणे यांत फार अंतर आहे. उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो यंत्रे बदलली, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरविले. निश्चय टिकविण्यासाठी माणसे लागतात. केवळ परवाना चांगला असून भागत नाही.

लोक ही वाट का धरतात, याचे एकच कारण सांगता येणार नाही. कुणाला पैसे वाचवायचे असतात, कुणाला खोलून पाहण्याचा नाद असतो, कुणाला आपल्या यंत्रातून माहिती कुठे जाते याची धास्ती असते. पुष्कळांना चालते यंत्र टाकून द्यायचे नसते. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांतील बऱ्याच यंत्रांना स्वीकारीत नाही. त्या तारखेला आपले सर्वांचे लक्ष दीक्षाभूमीकडे असते, म्हणून आपल्या लोकांत फारशी चर्चा झाली नाही. ही सर्व कारणे खरी आहेत. मला स्वतःला सर्वांत मोठे कारण गेल्या वर्षी कळले, आणि तेही या स्मरणिकेच्या कामातून.

शाळेच्या दशकपूर्तीच्या अंकात एक मुलाखत होती. भोजनगृहात पहिली काही वर्षे भाकरी करणाऱ्या आजी अनेकांना आठवत असतील. १९५६ च्या ऑक्टोबरात, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी, त्या आईवडिलांबरोबर पायी नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. त्यांनी तो सारा प्रवास आपल्या मुलांना सांगितला आणि मुलांनी तो लिहून घेतला. आजी आता नाहीत. मुलाखतीची वही राहिली नाही. आपल्या ग्रंथालयातील अंकांना वाळवी लागली. मुलाखतीच्या आठ पानांपैकी दीड पान तेवढे वाचण्याजोगे उरले. इतरत्र विचारले, प्रत मिळाली नाही. अक्षरजुळणीची फाईल मात्र एका तबकडीत सापडली.

ती उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांच्या रांगा दिसल्या. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीची बहुतेक पॅकेजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चिन्हे बसवीत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. तो टंक नसेल तर मजकूर म्हणजे निव्वळ कचरा. हे पॅकेज संगणकाला मागे एक कुलूपवजा डबी लावल्याखेरीज सुरूच होत नसे. अक्षरजुळणी करणाऱ्याचे दुकान केव्हाच बंद झाले होते, डबी हरवली होती, आणि ती आवृत्ती आता विकत मिळत नव्हती. कंपनीचे नाव लिहीत नाही. तिने त्या काळी चालत होते तेच केले. पण एका वृद्ध स्त्रीच्या स्मृतीला कुलूप लागले होते आणि किल्ली आमच्यापाशी नव्हती, एवढे खरे.

आपल्या त्याच माजी विद्यार्थ्याने एक छोटी आज्ञावली शोधून दिली. ती दुसऱ्याच एका जुन्या टंकासाठी कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली होती, परंतु मुक्त परवान्याची होती. म्हणजे उघडून बदलता येत होती. नववीतील तीन मुले कामाला बसली. वाळवीतून वाचलेले दीड पान एका हाताला, फाईलमधील तोच मजकूर दुसऱ्या हाताला. कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता ती एकेक ओळ जुळवून करू लागली. ऱ्हस्व वेलांटीने त्यांना पुष्कळ छळले. जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी लिहिली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफार त्याच्या उलट वागतो. दोन आठवडे सर्वत्र वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत होत्या. मग एका संध्याकाळी त्यांतील मुलगी धावत खाली आली. मी जाऊन पाहिले तर पडद्यावर सरळ मराठी होते. वाटेसाठी किती भाकरी बांधल्या, पांढरे लुगडे कुणाकडून उसने आणले, तिसऱ्या दिवशी वडिलांच्या पायाला काय झाले, सारे आजींच्या बोलीत होते. मुलांनी तयार केलेला तक्ता त्याच परवान्याखाली पुढे खुला ठेवला आहे. त्या पॅकेजात अडकलेला मजकूर इतर संस्थांकडेही असेल.

ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला ती आता जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे. तिला मी हे सारे दूरध्वनीवर सांगितले. साबणाची गोष्ट तिला आठवत नव्हती. "मी असे विचारले होते, सर?" म्हणून ती हसली.

मुलाखत याच अंकात पुन्हा छापली आहे. तिच्यात एक जागा कोरी दिसेल. वर्धा नदी ओलांडल्यावर ज्या गावी या मंडळींनी मुक्काम केला, त्याच्या नावात एक जोडाक्षर आहे. त्याचे चिन्ह फाईलमध्ये दुसरीकडे कुठेही येत नाही, आणि वाचलेल्या दीड पानात ते गाव नाही. त्यामुळे ते उलगडले नाही. अंदाजाने भरण्यास मुलांनी नकार दिला. आजींकडून तो प्रवास ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी गावाचे नाव शाळेस कळवावे.